आई चालताना उत्तर द्यायला थांबतात, काळजी करावी का?

तुमचा प्रश्न असा, की ७४ वर्षांच्या आईंना चालता चालता काही विचारलं की त्या आधी थांबतात आणि मगच उत्तर देतात. घाबरू नका, पण ‘वय झालं’ म्हणून सोडूनही देऊ नका. फिजिओथेरपीच्या कामात मला हे रोज दिसतं.

चालणं आपोआप होतंय असं वाटलं तरी तोल, वळण, पुढचा उंचवटा यांत थोडं लक्ष गुंतलेलंच असतं. वयानुसार नजर मंदावते, तळपायांची जाणीव बोथट होते, मग हे लक्ष जास्त लागतं. मोबाइलवर टाइप करत चालणारी कॉलेजची मुलंही हळू होतात, पण त्यांची लय बहुधा टिकते. ज्येष्ठांचा वेग जास्त उतरतो आणि काहींची पावलं लहानमोठी, मागेपुढे पडू लागतात. मला वेगापेक्षा या विस्कळीतपणाची धास्ती वाटते.

व्यायामाला येणाऱ्या एका काकांना चालताना शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी झालं. एकोणऐंशी बरोबर सांगितलं, पण पाय अडखळले आणि हात भिंतीकडे गेला. उत्तराच्या नादात तोल सुटला. त्या मानाने आई थांबतात हे चांगलंच. त्या आधी तोल सांभाळतात.

तरीही ही खूण आहेच. १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या स्वीडनमधल्या अभ्यासात निवासी केंद्रातल्या ५८ वृद्धांपैकी १२ जण बोलताना थांबले, सहा महिन्यांत त्यातले १० पडले. अर्थात ती मंडळी बरीच अशक्त होती, तो आकडा आईंना जसाच्या तसा लावू नका.

घरी मोकळ्या पॅसेजमध्ये त्यांना एकदा गप्प आणि एकदा प्राण्यांची नावं घेत चालवा. तुम्ही अगदी शेजारी राहा. दोन्ही वेळा तेवढ्याच अंतराला लागलेला वेळ मोजा; १० सेकंदांचे १२.५ झाले तर वेग २० टक्के उतरला. एवढी घट आणि सोबत विसराळूपणा असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवाच. चष्मा, झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्या, बी-१२ हेही तपासून घ्या.

तोवर जिन्यात, रस्ता ओलांडताना, ओल्या बाथरूमच्या दारात त्यांना मागून हाक मारू नका, घरातल्या मुलांनाही सांगा. सराव मात्र करा: आधी ओट्याला धरून उभ्या उभ्या महिने उलटे म्हणायचे, ते जमलं की जागच्या जागी पावलं टाकत, आणि मग तुमच्या सोबतीने पॅसेजमध्ये.