चोर धरला, पुढं काय?

प्रश्न : गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत लेकीच्या गळ्यातली चेन ओढणाऱ्याला माझ्या वहिनीनं पकडून ठेवलं. लोकांनी त्याला बदडलं. साध्या माणसाला असं पकडता येतं का? उलट केस होईल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : येतं. डोळ्यांदेखत दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार कुणीही आरोपीला धरू शकतो. हिसकावून चोरी त्यातच मोडते. मात्र विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त 6 तासांत त्याला पोलिसांच्या हवाली करायचं. 112 लावा, ठिकाण नेमकं सांगा : ‘होम मैदान, अमुक पाळण्याजवळ’. नुसतं ‘गड्ड्यात’ म्हटलं तर पोलिसांनी शोधायचं कुठं?

उलट केसची भीती मारहाणीत आहे. जरुरीपुरताच जोर माफ असतो. निपचित पडलेल्याला लाथा घालणं हा वेगळा गुन्हा, आणि तो मारणाऱ्यांवर दाखल होतो. वहिनींनी नुसतं धरलं असेल तर घोर नको.

चोर दुचाकीवर असेल तर मात्र चेन किंवा गाडी धरून लोंबकळू नका, फरफटत जाल. आधी पोर मागं ओढा, मग नंबर बघा. सोनं जाऊ दे.

सापडलेली चेन पोलीस मुद्देमाल म्हणून जप्त करतात. ती कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर, मिळते. सराफाची पावती आणि चेन घातलेला फोटो आत्ताच शोधून ठेवा. घोडं बहुतेकदा तिथंच अडतं.