ग्राहकाला 'पटवलं' की 'पटवून दिलं'?

लोअर परळच्या एका कंपनीत विक्री विभागात काम करणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे: मराठी अहवालात 'क्लायंटला पटवलं' असं लिहिलं तर सहकारी हसले. साहेबांनी 'ग्राहकाला प्रभावित केले' असं सुचवलं. मग 'कन्व्हिन्स केलं' याला मराठीत लिहायचं तरी काय?

हसणाऱ्यांचीही फार चूक नाही. मुंबईत 'अमक्याला पटवलं' म्हटलं की कॉलेजच्या कट्ट्यावरचा अर्थ आधी आठवतो. हिंदीतलं 'पटाना' शेजारी नांदतंय, त्याचाही यात हात असावा. पण म्हणून क्रियापद बाद होत नाही. पोलीस ओळख पटवतात तेव्हा कुणाला हसू येतं? माणूस पटवला की लोक हसतात, मुद्दा पटवला की हसत नाहीत. तेव्हा 'ग्राहकाला योजनेचा फायदा पटवून दिला' असं लिहा. तुमचं काम झालं.

खरी मजा मात्र 'पटणे'मध्ये आहे. 'मी मान्य केलं' यात करणारा मी. 'मला पटलं' यात मी काहीच करत नाही, ते आपसूक होतं. मीटिंगमध्ये सगळे मान्य करतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर कळतं की पटलेलं कुणालाच नाही. आणखी एक गंमत पाहा: 'साहेबांचं मला पटतं' आणि 'साहेबांचं माझ्याशी पटतं'. प्रत्यय तेवढा वेगळा. पण ज्याच्याशी पटतं त्याचं म्हणणंही लवकर पटतं, हा रोजचा अनुभव. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माणसं होकार का देतात याची जी सूत्रं मांडली, त्यांत 'आवडता माणूस' हे एक स्वतंत्र सूत्रच आहे. आपल्याकडे दोन्हींना एकच क्रियापद पुरतं.

न पटताही होकार मिळतो, आणि त्यासाठी मराठीत शब्दांची चंगळ आहे. विनवण्या करकरून मागे लागलात तर ती गळ घालणं. (मासे पकडतात तो गळ, माणसाला घालतात ती गळ; 'त्याने गळ घातला' असं हल्ली वाचायला मिळतं, ते चूक.) उचकवून, चढवून एखाद्याला कामाला जुंपलं तर भरीस घातलं. हा शब्द बहुधा काम फसल्यावर ऐकू येतो: 'मी नको म्हणत होतो, यानेच भरीस घातलं.' ओळखीचा संकोच वापरलात तर भीड घातली; 'भीड भिकेची बहीण' ही म्हण भिडस्तांनी भिंतीवर लावावी. आणि दिवाळीत खरेदी विभागाच्या टेबलावर सुक्या मेव्याचे डबे येतात, त्यांचं काम मिंधं करण्याचं. घेतलेल्याची परतफेड करावीशी वाटणं हेही चाल्डिनींच्या यादीत आहे, पण 'मिंधा' या शब्दात जी बोच आहे ती 'परतफेड'मध्ये नाही. 'वजन वापरणं' आणि 'फाइलीवर वजन ठेवणं' यांतला फरक मुंबईकरांना सांगायला नको.

'चंचुप्रवेश' हा शब्दही तुमच्या कामाचा. आधी चोच, मग मुसळ. फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी 1966 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या घरमालकांना अंगणात 'गाडी जपून चालवा' असा भलामोठा, बेढब फलक लावू द्याल का, असं विचारलं होतं. थेट विचारलं तेव्हा 17 टक्के तयार झाले. ज्यांनी आधी याच विषयावरची छोटीशी पाटी लावून घेतली होती, त्यांच्यातले 76 टक्के. पाटी पटली होती म्हणून फलक पटला, असं म्हणणं मात्र धाडसाचं.

कुणी म्हणेल, कारण दिलं की पटवून दिलंच ना? नाही. 'कारणं सांगू नकोस' यातलं कारणही कारणच असतं. एलेन लँगर आणि सहकाऱ्यांच्या 1978 च्या अभ्यासात झेरॉक्सच्या रांगेत पुढे घुसू द्या म्हणून विनंती केली होती. पाच पानांसाठी नुसतं विचारलं तर 60 टक्के लोकांनी जाऊ दिलं. 'घाई आहे' म्हटल्यावर 94 टक्क्यांनी, आणि 'कारण मला प्रती काढायच्या आहेत' या पोकळ कारणावरही 93 टक्क्यांनी. तीच विनंती वीस पानांची केली तेव्हा पोकळ कारणाने नुसत्या विचारण्याइतकेच, म्हणजे 24 टक्के होकार मिळाले. खऱ्या कारणाने 42. मागणी लहान असली की कारणाचा आव पुरतो, मोठी असली की पटवून द्यावं लागतं.

राहिला तुमच्या साहेबांनी सुचवलेला 'ग्राहकाला प्रभावित केले' हा पर्याय. तो हिंदीतून उचललेला वाटतो, आणि त्याचा अर्थ छाप पाडली एवढाच. छाप पडूनही ग्राहक सही न करता जाऊ शकतो. ग्राहक आधी विरोधात होता आणि नंतर वळला, तर 'मन वळवलं' लिहा. नुसता डळमळीत होता, तर 'पटवून दिलं'. आणि सही फक्त तुमच्या साहेबांनी शब्द टाकल्यामुळे झाली असेल, तर तसंच लिहा. अर्थात, साहेबांना चालणार असेल तर.