चुकीचा सीपीआर देण्यापेक्षा न दिलेला बरा, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की घरी ७१ वर्षांचे वडील आहेत, त्यांना एक स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) आहे आणि मुलगी ४ वर्षांची आहे. सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन रक्त खेळतं ठेवणं, हे शिकायला वर्ग लावावा की व्हिडिओ पुरे, मुलांचा सीपीआर वेगळा असतो का, हे विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, "बरगड्या मोडतात म्हणे, मग ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबलेलं बरं ना?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. शेवटच्याचं मी देते. नाही, थांबलेलं बरं नाही. मी माझ्या सख्ख्या दिरांच्या बरगड्या मोडल्या आहेत, ते वाचले नाहीत, आणि तरीही माझं उत्तर हेच आहे.

२०१७ ची कोजागिरी. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं. चार मजले, लिफ्ट नाही. भाऊजी आणि वहिनी सदाशिव पेठेतून मुद्दाम आले होते. वहिनींचे भाऊ, अण्णा, साताऱ्याहून आलेले, तेही बरोबर होते. भाऊजी संध्याकाळपासून पित्त झालंय म्हणत होते. ओवा खाऊन झाला, सोडा पिऊन झाला. जिना चढून आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, आणि गच्चीवर तर चांगला गार वारा होता. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या ते एका बाजूला कलंडले आणि हातातला पेला खाली पडला.

पुढे जे झालं ते आपल्याकडे कुठेही होतं. एकाने तोंडावर पाणी मारलं. कुणीतरी "फिट आली, कांदा आणा" म्हणून ओरडलं, तोवर दुसऱ्याने चप्पल नाकाशी धरली. एक काकू चमच्याने पाणी पाजू लागल्या. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नसतो, ते सरळ श्वासनळीत जातं. हे मला माहीत होतं. भोसरीच्या एका कारखान्यात मी २६ वर्षं स्टोअरला होते. कारखान्यात दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारा शिकलेला माणूस तेव्हा कायद्यानेच लागायचा. आमच्या खात्याची पेटी माझ्याकडे होती. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण दोनदा झालं होतं. छाती नीट खोल दाबली की सरावाची बाहुली टक्कन वाजायची, तो आवाज कानात पक्का बसला होता.

तरी माझी दीड-दोन मिनिटं गेलीच. भाऊजींच्या घशातून घर्रर्र असा आवाज आला आणि पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडलं. अण्णा म्हणाले, "श्वास चालू आहे, घाबरू नका." मीही ते मानलं. हे नीट वाचा, कारण इथेच बहुतेक जण फसतात. तो श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर काही मिनिटं अशी घरघर येऊ शकते. हाक मारून, खांदे हलवून माणूस हूं की चूं करत नाही आणि छाती नेहमीसारखी वरखाली होत नाही, एवढं पुरेसं आहे. नाडी शोधत बसू नका. घाबरलेल्या बोटांना ती सापडतही नाही, आणि कधी कधी स्वतःचीच लागते.

मी त्यांना फरशीवर आडवं केलं, यांना ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावायला सांगितलं आणि सुरू केलं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताचा मनगटाकडचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, ६ च्या पुढे नाही, आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वाचायला सोपं वाटतं. दहाव्या-बाराव्या दाबाला हाताखाली काडकन आवाज झाला. बाहुलीचा टक्क आवाज तो नव्हे. तो मला अजून ऐकू येतो.

अण्णांनाही तो ऐकू आला. त्यांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं. "अहो सोडा, मारताय तुम्ही त्यांना! डॉक्टर येऊ देत." मी हात काढले. किती वेळ ते सांगता येणार नाही, पंधरा सेकंद असतील, जास्तही असतील. मग दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा इंजिनिअरिंगचा मुलगा पुढे आला. "काकू, कुठे दाबायचं ते दाखवा, तुम्ही थकलात की मी करतो," म्हणाला. दोन मिनिटं मी, दोन मिनिटं तो, असं आम्ही चालू ठेवलं. गाडी २१ मिनिटांनी गच्चीखाली लागली, कारण गल्लीत दोन्ही बाजूंना चारचाक्या. जिन्यात स्ट्रेचर वळेना, मग चादरीत घालून खाली नेलं. इस्पितळात तपासून त्यांनी सांगितलं की गेले.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर अण्णा चारचौघांत म्हणाले, "बरगड्या मोडल्या नसत्या तर कदाचित राहिले असते." कुणी काही बोललं नाही. आमचे हेही बोलले नाहीत. अपघात विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी त्या रात्री मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की या वयात बरगड्या मोडणं नेहमीचं आहे, तुम्ही पुरेसं खोल दाबत होतात. ते तेराव्याला सर्वांसमोर सांगायचं मला सुचलं नाही. म्हणून इथे सांगते.

हृदय थांबलेला माणूस आणखी काय मरणार? मोडलेली बरगडी काही आठवड्यांत जुळून येते. रक्ताविना राहिलेला मेंदू चार ते सहा मिनिटांत कायमचा बिघडायला लागतो, तो जुळून येत नाही. काहीच न करता गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते, असं प्रशिक्षणात शिकवतात. आता आमच्या गल्लीतली ती २१ मिनिटं धरून तुम्हीच हिशेब करा.

"डॉक्टर नसताना हात लावू नये" हे वाक्य तर मला ऐकवतच नाही. बाहेरून छाती दाबून रक्त खेळतं ठेवण्याची ही रीत १९६० मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्रसिद्ध झाली. ती मांडणाऱ्या तिघांतले ज्येष्ठ, विल्यम कौवेनहोवेन, विद्युत अभियंते होते. वैद्यकीय डॉक्टर नव्हेत. हे कुणालाही, कुठेही करता येईल, फक्त दोन हात लागतात, असं त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलंय.

कायद्याची भीती घालणारेही भेटतात. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलंय, कलम १३४अ. घरातल्या माणसाला वाचवायला तर कुणाची परवानगी मागायची?

आता तुमची मुलगी. हो, फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा हृदय आधी थांबतं, मुलांचं बहुतेक वेळा श्वास अडकल्याने किंवा बुडाल्याने थांबतं. म्हणून वडिलांच्या बाबतीत नुसतं दाबलंत तरी चालेल, मुलीला मात्र श्वास हवाच. ३० वेळा दाबायचं, मग डोकं किंचित मागे करून, नाक चिमटीत धरून, छाती उचललेली दिसेल एवढेच दोन श्वास. दाबायला एक हात पुरला तर एक, नाही तर दोन. खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, म्हणजे साधारण ५ सेंटिमीटर. एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर ४. एकटे असाल तर फोन स्पीकरवर टाकून लगेच सुरू करा. फोनच जवळ नसेल आणि ती तुम्हाला आधीच पडलेली सापडली असेल, तर आधी दोन मिनिटं सीपीआर, मग फोन शोधायला जायचं.

आणि घास अडकणं, कारण चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत त्याचीच भीती जास्त. ठसका लागला की आपल्याकडे टाळूवर थापटी मारून "वर बघ, चिमणी उडाली" म्हणतात. जोरात खोकत असेल तर तिला खोकू द्या, खोकल्याइतका दुसरा उपाय नाही. आवाजच बंद झाला, ओठ निळसर दिसू लागले, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थपडा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली, आत आणि वर असे पाच झटके. आलटून पालटून करत राहा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट मात्र दाबायचं नाही, पाठीवर थपडा आणि मग छातीवर दाब. तोंडात न बघता बोट घालू नका, घास आणखी आत जातो. शुद्ध हरपली तर जमिनीवर ठेवून सीपीआर.

भाजल्यावर टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको. नळाचं साधं पाणी २० मिनिटं, घड्याळ लावून. फिट आलेल्याच्या दातांत चमचा घालू नका. एका कुशीवर वळवा आणि वेळ बघा, पाच मिनिटांच्या पुढे गेली तर ॲम्ब्युलन्स बोलवा.

मी डॉक्टर नाही, हे आधीच लिहायला हवं होतं. सगळं बरोबर करूनही बरेच जण वाचत नाहीत, तेही धरून चाला. जो बोलतोय, कण्हतोय, नेहमीसारखा श्वास घेतोय, त्याच्या छातीवर दाबायचं नाही. वडिलांना घाम येऊन छातीत जड वाटलं तर ओवा आणि सोड्यात वेळ घालवू नका, त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा की अशा वेळी कुठे न्यायचं.

अण्णांशी गेल्या लग्नात बोलणं झालं. त्यांचं म्हणणं तेच आहे. मला त्या बरगड्यांचं वाईट वाटत नाही. त्यांनी ओढल्यावर मी हात काढले त्याचं वाटतं.

व्हिडिओचं विचारलंत. व्हिडिओ बघून दाब किती द्यायचा ते कळत नाही, त्यासाठी बाहुलीच लागते. वर्ग लावा, आणि दोघे नवरा-बायको जा. दोन मिनिटांत हात भरून येतात, दुसरं माणूस लागतंच.