फ्लाइट सिम्युलेटरसाठी १५,००० रुपयांत जॉयस्टिक घ्यावी की थ्रॉटलसकट सेट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही सांगलीत राहता. पीसीवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर खेळता, त्यात बहुतेक वेळ सेसना १७२ आणि एअरबस ए३२०, अधूनमधून डीसीएस या दुसऱ्या सिम्युलेटरमधली लढाऊ विमानं. टेबल तीन फुटी, बजेट १५,०००. नुसती जॉयस्टिक घ्यावी की थ्रॉटलसह (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) सेट, बटणं जास्त असलेलीच घ्यावी का, आणि घर मार्केट यार्डाजवळ असल्याने हळदीची धूळ येते, तिचं काय?

धुळीचं तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंय, पण माझ्या मते खरेदी तिथूनच ठरते.

जॉयस्टिकच्या आत हालचाल मोजायच्या मुख्य दोन पद्धती आहेत. एक पोटेन्शिओमीटर. यात कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक जीभ घासत फिरते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना जी खरखर यायची ती याचीच. पट्टी झिजली किंवा जिभेखाली धूळ गेली की आकडा मध्येच उडी मारतो आणि तुम्ही हातही न लावता विमान झटके खातं. दुसरी पद्धत हॉल सेन्सरची. दांड्याबरोबर चुंबक हलतं आणि चिप त्याचं क्षेत्र मोजते. काहीच कशाला घासत नाही, म्हणून झीज नाही आणि धुळीचा त्रासही जवळपास नाही. हळदीची भुकटी फार बारीक असते, कुठल्याही फटीतून आत जाते. त्यामुळे तुमच्या घरी निदान मुख्य दोन हालचाली, म्हणजे दांडा पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे, हॉल सेन्सरवर असाव्यात.

या अटीवर तुमच्या बजेटजवळ येणारं नाव म्हणजे थ्रस्टमास्टर टी.१६०००एम. त्यात दांड्याच्या दोन्ही दिशांना हॉल सेन्सर आहे, दांडा पिळून रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा भाग) देता येतो, तळाशी छोटी थ्रॉटलपट्टी आहे आणि एकूण १६ बटणं आहेत. मुठीचे काही भाग बदलून ती डावखुऱ्या हातासाठीही करता येते. ए३२०च्या दृष्टीने हे कामाचं आहे, कारण त्यात कॅप्टन डावीकडे बसतो, साइडस्टिक (बाजूची छोटी जॉयस्टिक) डाव्या हातात आणि थ्रॉटल उजव्या. थ्रस्टमास्टरचीच टीसीए एअरबस साइडस्टिक मिळते, पण आतून ती जवळजवळ हीच जॉयस्टिक आहे. फक्त एअरबस उडवणार असाल तर ती घ्या. डीसीएसही खेळणार असाल तर टी.१६०००एम बरी.

या जॉयस्टिकचं दुखणंही माहीत असू द्या. दांडा हॉलवर असला तरी पिळायचा रडर साध्या पोटेन्शिओमीटरवर आहे, त्यामुळे बिघडलाच तर आधी तोच. शिवाय स्प्रिंग थोडी मऊ आहे आणि तळ हलका. जोरात ओढली तर आख्खी जॉयस्टिकच उचलली जाते. त्यावर उपाय पुढे सांगतो.

लॉजिटेक एक्स्ट्रीम ३डी प्रो सगळ्यात स्वस्त आणि सहज मिळणारी. १२ बटणं, आठ दिशांना ढकलता येणारा हॅट स्विच (अंगठ्याचं छोटं बटण), पिळायचा रडर, तळाशी थ्रॉटल. हा छंद आपल्याला झेपतो का, आवडतो का, हे पाहायचं असेल तर वाईट नाही. पण तिचा रडर आणि थ्रॉटल ८ बिटांवर चालतात, म्हणजे पूर्ण फेऱ्यात २५६ पायऱ्या. थ्रॉटलची एक पायरी साधारण ०.४ टक्के पडते. सेसनाला ते चालतं. डीसीएसमध्ये हवेतल्या हवेत इंधन भरताना मात्र पुढच्या विमानाशी वेग जुळवायचा असतो, तिथे एक पायरी कमी पडते आणि पुढची जास्त होते. दांड्याला १० बिट, म्हणजे १,०२४ पायऱ्या आहेत आणि त्या पुरतात. खोक्यावर १४ बिट, १६ बिट असं ठळक छापलेलं असतं, त्याने भुलू नका. दांडा एकूण ४० अंश फिरतो असं धरलं तरी १,०२४ पायऱ्यांत एक पायरी ०.०४ अंशाची होते, आणि माणसाचा हात इतका बारीक चालतच नाही. बिटांपेक्षा आकडा स्थिर राहतो का, ते महत्त्वाचं.

आता थ्रॉटल. इथे तुम्ही काय उडवता यावर सगळं आहे. ए३२०मध्ये टेकऑफला लिव्हर फ्लेक्स (थोडी कमी ताकद) किंवा टोगावर (पूर्ण ताकद), मग क्लाइंबच्या (वर चढण्याच्या) खाचेत, आणि तिथून उतरताना जमिनीच्या अगदी जवळ येईपर्यंत त्याला बहुधा हात लावावा लागत नाही. मधलं सगळं ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बघतं. म्हणजे तासाभराच्या उड्डाणात लिव्हर चार-पाच वेळाच हलणार. त्यासाठी हजारो रुपये कशाला घालायचे? फ्लायबायवायरचं ए३२एनएक्स हे मोफत अॅड-ऑन टाका. त्याच्या कॉकपिटमधल्या टॅब्लेटवर थ्रॉटल कॅलिब्रेशन आहे. तळाच्या पट्टीवर आयडल (किमान ताकद), क्लाइंब, फ्लेक्स, टोगा या जागा ठरवा आणि बाजूच्या प्लास्टिकवर नेलपॉलिशच्या बारीक रेघा मारा. क्लाइंबच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडा, नाहीतर पट्टी किंचित हलली तरी ऑटोथ्रस्टच्या सूचना बदलत राहतील. रिव्हर्स थ्रस्टला (उतरल्यावर इंजिनाने वेग कमी करायला) पट्टीवर जागा ठेवू नका, त्याला वेगळं बटण द्या.

सेसनाला थ्रॉटल आणि मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण) असे दोन अक्ष, म्हणजे सलग सरकणारी दोन नियंत्रणं, लागतात, पण मिक्श्चर बटणांवर दिलं तरी भागतं. सेसनात खरं तर योक (स्टिअरिंगसारखं चाक) असतो, पण चांगला योक या बजेटबाहेर जातो आणि तीन फुटी टेबलावर कीबोर्ड ठेवायला जागा उरत नाही. तो विषय तूर्त सोडा.

डीसीएसला मात्र वेगळा थ्रॉटल लागतो, आणि तो वेगासाठी नाही. एअर ब्रेक, रडारचा कर्सर, रेडिओ, चॅफ आणि फ्लेअर (क्षेपणास्त्रांना चकवायला सोडायचे) हे सगळं डाव्या हाताच्या बोटांखाली हवं असतं. लढाईत कीबोर्डकडे पाहिलं की विमान गेलं. त्यासाठी टी.१६०००एमच्या जोडीला येणारा टीडब्ल्यूसीएस थ्रॉटल चांगला आहे. तो रुळावर सरळ पुढे-मागे सरकतो, अंगठ्याखाली छोटी स्टिक आहे आणि पुढच्या बाजूला बोटांनी दाबायचं पॅडल आहे. पुढेमागे जॉयस्टिकचा रडर गेला तर या पॅडलवर रडर देता येतो, हा मोठा फायदा. तक्रार एकच: रुळांना लावलेलं ग्रीस चिकट होतं आणि थ्रॉटल अडकत अडकत सरकतो. तळाच्या स्क्रूने ताण थोडा कमी करून बघा. उघडून ग्रीस बदलता येतं, पण वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

म्हणून माझा सल्ला: आज नुसती टी.१६०००एम घ्या, उरलेले पैसे बाजूला ठेवा. डीसीएस महिन्यातून चार-पाच वेळांपेक्षा जास्त होऊ लागलं की टीडब्ल्यूसीएस घ्या. दोन्हींची वायर वेगळी असल्याने दोन टप्प्यांत घेता येतात. मात्र जोडीचा सेट त्या दिवशी दोन्ही सुट्या घेण्यापेक्षा बराच स्वस्त दिसला तर सेटच उचला.

थ्रस्टमास्टरच्याच टी.फ्लाइट हॉटास एक्स किंवा हॉटास ४ कमी पैशांत थ्रॉटलसकट येतात म्हणून मोह होईल. त्यांच्या थ्रॉटलला नेमक्या मध्यावर एक खाच आहे, आणि सेसना उतरवताना पॉवर नेमकी त्याच भागात खालीवर करायची असते, त्यामुळे हात अडतो. दांडाही पोटेन्शिओमीटरवर. तरी घेतलीच तर पीसी आणि प्लेस्टेशनचा स्विच पीसीवर आहे ना, ते आधी पाहा. अर्धी बटणं चालत नाहीत म्हणून वस्तू परत करणारे बरेच जण इथेच चुकलेले असतात.

बटणांची संख्या तर मी शेवटी बघेन. दांड्यावर ट्रिगर, तीन-चार बटणं आणि एक हॅट स्विच एवढं अंगठ्याला पुरतं. तळावरची बारा बटणं अंधारात चाचपडूनच शोधावी लागतात, त्यावर पार्किंग ब्रेक, दिवे अशी सावकाशीची कामं द्या. व्हीकेबी, व्हर्पिल या कंपन्यांच्या जॉयस्टिक याहून कितीतरी सरस आहेत, पण परदेशातून मागवल्या तर वाहतूक आणि कस्टम ड्युटी वर बसते, आणि बिघडली तर पाठवायची कुठे हा प्रश्न.

सांगलीतल्या दुकानात जॉयस्टिक हातात धरून बघायला मिळेलच असं नाही. दुकानदार बहुतेक मागवून देईल, किंवा तुम्ही ऑनलाइन घ्याल. दोन्हीकडे पक्कं बिल घ्या आणि खोकं उघडताना मोबाईलवर सलग व्हिडिओ काढा. परतीची मुदत संपायच्या आत ही तपासणी करा: विंडोज आणि आर एकत्र दाबून 'जॉय डॉट सीपीएल' हे इंग्रजीत टाका, यादीतली जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीज उघडा. दांडा अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या, चौकटीतली फुली उड्या न मारता सरकली पाहिजे. मग चारही बाजूंनी ओढून सोडा. फुली दरवेळी त्याच जागी परत आली पाहिजे. रडर दोन्हीकडे पूर्ण पिळा. थ्रॉटलपट्टी दोन्ही टोकांना पूर्ण भरते का पाहा. प्रत्येक बटण दाबा. यात विंडोजचं कॅलिब्रेशन घाईने करू नका. अर्धवट झालं तर चांगली जॉयस्टिकही तिरकी वागते. पुण्यात कुणाची जुनी घ्यायला गेलात तर लॅपटॉप सोबत नेऊन हीच तपासणी करा, विशेषतः रडरची.

जोडणीत सगळ्यात जास्त लोक अडकतात ते डीसीएसमध्ये. नवं उपकरण दिसलं की तो स्वतःहूनच त्याला अक्ष नेमून देतो, त्यामुळे जॉयस्टिक आणि थ्रॉटल दोघांनाही रडर किंवा थ्रॉटल मिळतो आणि दोघं भांडतात. प्रत्येक विमानाच्या अक्षांच्या पानावर जाऊन नको ते पुसून टाका. थ्रॉटल उलटा चालत असेल तर तिथेच इन्व्हर्टवर खूण करा. मध्याजवळ विमान फार चुळबुळ करत असेल तर डीसीएसमध्ये कर्व्ह (मध्याजवळचा प्रतिसाद सौम्य करणारी सेटिंग) १५ ते २० ठेवा, मायक्रोसॉफ्टमध्ये सेन्सिटिव्हिटी उणे ३० टक्के करून पाहा. डेड झोन (मध्याजवळची हालचाल न मोजणारा भाग) २ ते ३ टक्के पुरे. रडर झटके खातो म्हणून डेड झोन १५ टक्के करणं म्हणजे फुटलेल्या नळाखाली बादली ठेवणं.

एकदा लावलेलं यूएसबी पोर्ट बदलू नका. पोर्ट बदलल्यावर डीसीएस कधीकधी त्याला नवीनच उपकरण समजतो आणि सगळी मांडणी पुन्हा करावी लागते. पोर्टवर चिकटपट्टीने नाव लिहून ठेवा. खेळता खेळता जॉयस्टिक मध्येच गायब होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा.

टेबलाची उंची साधारण ७५ सेंमी असते. त्यावर जॉयस्टिक ठेवली की कोपर वर जातं आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो. सुताराकडून १८ मिमी प्लायचा ३० बाय २५ सेंमीचा तुकडा कापून घ्या आणि मोठ्या एल ब्रॅकेटने टेबलाच्या कडेखाली १० ते १२ सेंमी खाली बसवा. वर जाड वेल्क्रो लावून जॉयस्टिक चिकटवा, म्हणजे मघाशी सांगितलेली उचलली जाण्याची तक्रारही मिटते.

खेळून झाल्यावर सुती कापडाची पिशवी घाला. पावसाळ्यात प्लास्टिकची नको, आत दमट राहतं. रडर झटके खाऊ लागला तर वायर काढा, पोटेन्शिओमीटरवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, दांडा ४०-५० वेळा दोन्हीकडे पिळा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. गंजाच्या स्क्रूसाठीचा साधा स्प्रे मारू नका, त्याचा तेलकट थर हळद अजून धरून ठेवतो. क्लीनरने काही महिने निघतात. पट्टीच झिजली असेल तर पोटेन्शिओमीटर बदलण्याखेरीज इलाज नाही.

रडर हातात बसलाय का हे बघायला आपल्याच भागात उडा. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे साधारण ७० आणि २५० अंशांच्या दिशेची आहे. हवामानात वारा ३४० अंशांवरून १२ नॉट लावा, तो धावपट्टीला बरोबर काटकोनात येतो. सेसना घेऊन कृष्णेच्या काठाने कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत जा, वळून परत या आणि २५वर उतरा. चाकं टेकताना विमानाचं नाक मधल्या पांढऱ्या रेघेवर धरताना मनगट अवघडत असेल, तर थ्रॉटलच्या आधी पायाच्या पेडलांसाठी पैसे साठवायला लागा.