‘मॅट्रिक्स’मधली फायटिंग कोणी बसवली?

‘मॅट्रिक्स’ या इंग्रजी सिनेमातली फायटिंग हॉलिवूडच्या माणसानं बसवली का, असं कुणीतरी विचारलंय. नाही भाऊ, हाँगकाँगच्या युएन वू-पिंगनं. १९७८ मध्ये जॅकी चॅनचा ‘ड्रंकन मास्टर’ त्यानंच दिग्दर्शित केला, अन् त्यातला दारुडा म्हातारा गुरू म्हणजे त्याचे सख्खे वडील! ‘मॅट्रिक्स’ (१९९९) घेताना त्याची एक अट होती: नटांनी आधी चारेक महिने सराव करायचा. सिनेमाचा हिरो केआनू रीव्हज तर मानेच्या ऑपरेशननंतर आलेला, म्हणून सुरुवातीला लाथा कमी. पारोळ्याच्या तालमीत आमचे वस्तादही महिनाभर नुसत्या बैठका काढून घेत, तेव्हा कुठे लाल मातीत उतरू देत. हवेतल्या उड्या म्हणजे कमरेला पट्टा, त्याला तार, अन् ती तार ओढणारी माणसं. ओढणाऱ्याचा टायमिंग चुकला की नट भिंतीवर.