लायब्ररीत ट्रेझर हंट घ्यायचीय? पहिल्या वर्षी पैसे मागू नका

ताई, फर्स्ट इयरच्या पोरांसाठी युनिव्हर्सिटी लायब्ररीत ट्रेझर हंट घ्यायचीय पण फाइल नुसती टेबलं फिरतीय, असं तुम्ही लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. टीमा कशा पाडायच्या, कोडी कशी करायची हे तुम्हाला येतंयच, त्यावर बोलत नाही.

आमचं सगळं पैशापायी अडलं, आणि पैसा तरी कशाचा, तर बक्षिसाची पुस्तकं, कार्डशीट आणि चहा. एका कार्यालयानं (नाव घेत नाही, इथलंच कोल्हापुरातलं) विचारलं, खर्च कुठल्या हेडला (म्हणजे हिशेबातल्या कुठल्या खात्याला) टाकायचा? पुस्तक खरेदीच्या हेडमधनं बक्षिसं देता येत नाहीत म्हणे, बरं, मग कशातनं द्यायची ते कुणी सांगेना. क्रीडाकडं जा, तिथनं विद्यार्थी विकासकडं जा, परत आलो तर तीन कोटेशन आणा. चहाला कोटेशन! तसलमात (खर्चासाठी आगाऊ मिळणारी रक्कम) मंजूर झाली तोवर परीक्षा तोंडावर आलेली, पोरं अभ्यासिकेत, खेळायला कोण येणार. ज्या पोरींनी हौसेनं कोड्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या होत्या त्या परत लायब्ररीच्या कुठल्याच कामाला आल्या नाहीत, आणि ते नुकसान कुठल्या हेडला टाकायचं हे मात्र कुणी विचारलं नाही. मला अजून राग येतो.

म्हणून माझं मत (तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, लेखा विभागाला एकदा विचारून घ्या) उपक्रमाच्या पहिल्या वर्षी पैसे मागूच नका. वर्षाच्या सुरुवातीलाच ग्रंथालय समितीत ठराव करून घ्या, इतिवृत्तात आलं की प्रत्येक टेबलावर परत समजावत बसावं लागत नाही. तारीख 12 ऑगस्ट धरा, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती, ग्रंथपाल दिन, कार्यक्रम तसाही करायचाच असतो. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन पण आहे पण तेव्हा पोरं परीक्षेच्या नादात असतात. हजेरी, फोटो, फीडबॅक आयक्यूएसीला (संस्थेतला गुणवत्तेचं काम बघणारा कक्ष) द्या, नॅकला (उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी संस्था) लागतं म्हटलं की पुढच्या वर्षी तेच आपणहून विचारतात.

सामान लायब्ररीतच असतंय. जुनी कॅटलॉग कार्डं पडून असली तर त्यांच्या कोऱ्या बाजूला चिठ्ठ्या लिहा. पुस्तकं ड्यूईप्रमाणं (विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत) लावलेली असली तर 796.334 ला फुटबॉल, 796.812 ला कुस्ती, 641.5 ला स्वयंपाक, आपल्या पोरांना ह्यातनं आकडे वाचायला शिकवावंच लागत नाही. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते 1917 साल संदर्भ विभागातनं शोधून आणायला लावा, एरवी त्या खोलीत कुणी पाऊल टाकत नाही. फक्त एमपीएससीवाली पोरं बसतात तिकडं एकपण चिठ्ठी लपवू नका, त्यांची तक्रार आली तर ती रास्तच असेल.

आणि हो, कागल, राधानगरीकडची पोरं एसटीनं जातात, चारच्या आत आटपा. शाहू स्टेडियमवर पेठेतल्या टीमांची फुटबॉल मॅच असेल तो दिवस तर धरूच नका.

ठरावाचा मसुदा हवा असला तर सांगा, नावं काढून इथंच टाकतो.