पहिलं ओमेगा घड्याळ घेताय? आधी एवढं बघा

अख्खा कॅटलॉग पाठ करायच्या भानगडीत पडू नका. सुरुवातीला दोनच मालिका बघा: सीमास्टर (1948) आणि स्पीडमास्टर (1957). 1969 साली चंद्रावर गेलं ते स्पीडमास्टर. म्हणून त्याला मूनवॉच म्हणतात, आणि आजच्या मूनवॉचलाही हातानेच चावी द्यावी लागते. पूर्ण चावीवर साधारण 50 तास चालतं. सकाळी क्राउन (बाजूचं चावी द्यायचं बटण) फिरवताना बोटांना लागणारी ती बारीक करकर मला फार आवडते. रोजचा हा उद्योग नको असेल, तर सरळ ऑटोमॅटिक सीमास्टर.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मूनवॉचचा क्राउन अडला की थांबा. चावी भरलीय. जोर लावलात तर दुरुस्तीचा खर्च आलाच.
- नुसता 42 मिमी व्यास वाचून ठरवू नका. पट्टा अडकवायचे कान मनगटाबाहेर जातात का, ते घालूनच कळतं.
- हेसालाइट (एक प्रकारचं प्लास्टिक) काचेवर ओरखडे पडतात, पण पॉलिशने जातात. घाबरू नका.
- जुनं घड्याळ स्पीकरजवळ ठेवू नका. माझं एकदा भलतंच पुढे पळायला लागलं. मी सर्व्हिसिंगला निघालो होतो, आणि निघालं काय, तर चुंबकत्व!

को-अ‍ॅक्सियल (ओमेगाच्या यंत्रातली एक खास रचना) वगैरे नंतर बघू. आधी दोन-तीन घड्याळं मनगटावर चढवून या, मग बोलू.